एकोणीस दिवसांची नात

“अण्णा, या रविवारी तुम्ही चला,” रूपश्री म्हणाली, तेव्हा श्रीधरराव सारभातावर तूप वाढून घेत होते. वाक्य साधंच होतं. पण चमचा हवेतच राहिला. सहा वर्षांत सुनेनं त्या गेलेल्या मुलीसंबंधी त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. दरवर्षी नोव्हेंबरातल्या एका रविवारी ती आणि त्यांचा मुलगा गिरीधर उजाडायच्या आत बाहेर पडत, साडेनऊच्या सुमाराला परत येत, अंगात पिवळे टी-शर्ट असत, आणि पायांवर लालसर धूळ. टी-शर्ट धुतले जात, घडी होऊन कपाटात जात. घरात कोणी काही विचारत नसे. श्रीधररावांना त्या दिवशी दुकानात नेमकं काहीतरी काम निघे. बंगळुरातल्या चामराजपेटेतलं त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान रविवारी बंदच असायचं, तरी निघे. या वर्षी गिरीधर कंपनीच्या कामासाठी हुबळीला गेला होता. म्हणून बोलावते आहे, सोबत हवी असेल, असं त्यांनी मनाशी धरलं आणि “एकटी कशी जाशील, खरंच,” असं काहीतरी पुटपुटले. “सोबतीला नव्हे,” ती म्हणाली, “एकटी जाईन की मी. तुम्ही चला म्हणते.” भागीरथीबाई, ज्यांना घरातले सगळे अक्का म्हणतात, नातीला भरवता भरवता थांबल्या. “गुडघा धरतो त्यांचा. पाच किलोमीटर कसे जातील?” धाकटी शिवानी आजीच्या हातातल्या घासाकडे तोंड उघडून बघत राहिली. “सरी, येतो,” श्रीधरराव म्हणाले, आणि तूप जरा जास्तच वाढलं गेलं.

रविवारी सकाळी सव्वासहाला ते इस्पितळाच्या आवारात उभे होते. हवेत गारवा होता. रूपश्रीनं दिलेला टी-शर्ट त्यांनी सदऱ्यावरच चढवला होता, त्यामुळे काखेत काचत होता. दीडदोनशे माणसं असतील. अपुऱ्या दिवसांची जी बाळं इथून घरी गेली नाहीत त्यांच्या आठवणीसाठी, आणि जी आत काचेच्या पेट्यांमध्ये आहेत त्यांना इतर आयांचं दूध पुरवणाऱ्या दूधपेढीसाठी, असा हा चालण्याचा कार्यक्रम. फाटकापासून कब्बन पार्कात जायचं, आत वळसा घालायचा, बँडस्टँडपाशी संपवायचं. तरुण जोडपी होती, खांद्यावर पोरं घेतलेले बाप होते, एक पंजाबी आजी चाकाच्या खुर्चीत होती. श्रीधररावांना वाटलं होतं की इथे रडारड असेल. कोणी रडत नव्हतं. कॉफीचे कागदी पेले फिरत होते, कोणीतरी बुटाची नाडी बांधत होतं. त्यांना कशाची भीती वाटत होती ती नीट सांगता आली नसती, पण ती या आवाराची होती. ही फरशी, हा उतार, डावीकडचं ते लोखंडी बाक. सहा वर्षांत ते या रस्त्यानं गेले नव्हते, बस या बाजूनं जाणारी असली तर दुसरी पकडत.

“हालु अज्जा!”

मागून आलेली ती हाक त्यांनी ओळखली, आणि मानेवर कोणी थंड हात ठेवावा तसे ते आक्रसले. दूधवाले आजोबा. इथल्या नर्सांनी ठेवलेलं नाव. सुलभा सिस्टर आता जाड झाल्या होत्या, केस पांढरे झाले होते. त्यांनी श्रीधररावांचे दोन्ही हात धरले आणि कानडीत भडाभडा बोलायला लागल्या. इतकी वर्षं कुठे होता, तब्येत कशी, अजून दुकानात बसता का. मग बाजूच्या दोन नवीन पोरींना त्यांनी सांगितलं, हे बघा, हे अज्जा रोज सकाळी सातला दूध घेऊन यायचे, बाळ होतं तेव्हाही आणि बाळ गेल्यावरही, एक दिवस चुकवला नाही. पोरींनी मान लववली. श्रीधरराव हसले. एक दिवस चुकवला नाही, हे खरं नव्हतं. चार दिवस चुकवले होते. ते चार दिवस सुलभा सिस्टरना आठवत नव्हते, किंवा त्यांनी ते मोजलेच नव्हते. रूपश्री शेजारीच उभी होती. तिनं काही दुरुस्त केलं नाही. तेवढ्यात कोणीतरी तिच्या गळ्यात निळा पट्टा घातला, दूध दिलेल्या आयांनी पुढे चालायचं होतं, आणि ती मागे एकदा बघून, “हळू या, अण्णा,” म्हणून पुढे गेली.

चालायला सुरुवात झाली तशी ती त्यांच्यापासून वीसएक पावलांवर राहिली. लहानखुरी पाठ, घट्ट वेणी, टाच जरा आत टाकायची सवय. ही पाठ त्यांनी घरात रोज पाहिली होती, ओट्याशी, देवघराशी, स्कूटर काढताना. इथे ती वेगळी दिसत होती. माणसं तिच्याशी थांबून बोलत होती. एका उंच डॉक्टरणीनं तिला मिठी मारली. एका बाईनं आपल्या मुलाला पुढे ढकलून तिला नमस्कार करायला लावला, आणि रूपश्रीनं त्याला मध्येच धरून उचललं. अभिमान वाटला. तो इतका सरळ, इतका अंगभर वाटला की श्रीधरराव दचकलेच. ही आमच्या घरची, असं शेजारच्या माणसाला सांगावं असं वाटलं. पण कोणत्या तोंडानं सांगणार?

सहा वर्षांपूर्वी रूपश्रीला मुलगी सातव्या महिन्यात झाली होती. नऊशे वीस ग्रॅम. दुकानातला एक मध्यम तांब्या वजनाला याहून भरतो, हे त्यांच्या मनात आलं होतं आणि त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं. पाचव्या दिवशी रूपश्रीला घरी पाठवलं, पोटावर टाके होते, मुलगी काचेच्या पेटीत राहिली. रूपश्री घरी दूध काढायची, ते इस्पितळात न्यायचं काम श्रीधररावांकडे आलं. ते त्यांनी अंगावर घेतलं तसं आयुष्यात दुसरं कुठलंच काम घेतलं नसेल. दुकानातले डबे काढून काढून त्यांनी एक रुंद तोंडाचा निवडला, ज्यात दोन बाटल्या उभ्या राहतील आणि भोवती बर्फ बसेल. तो ते स्वतः उकळून घेत, अक्कालासुद्धा हात लावू देत नसत. सहाची बस. मांडीवर डबा. थंडी पँटीतून मांडीला लागायची आणि ती बरी वाटायची. त्या मुलीला त्यांनी काचेतून सातआठदा पाहिलं असेल. नाकात नळी, डोळ्यांवर पट्टी, छाती कबुतराच्या पिल्लासारखी वरखाली. एकदा पट्टी काढलेली होती तेव्हा तिनं डोळे उघडले होते. बाराव्या दिवशी बारसं नव्हतंच, घरी आल्यावर करू असं ठरलं होतं, पण रूपश्रीनं पेटीच्या गोल दारातून हात घालून तिच्या पायाला बोट लावून नाव ठेवलं, नयना, आणि घरी येऊन सांगितलं. एकोणिसाव्या दिवशी जंतुसंसर्ग पोटात उतरला आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. गिरीधर आणि ते स्वतः तिला घेऊन गेले. लहान मुलांना पुरतात ती जागा वेगळी असते. गिरीधरनं बोळकं उचलावं तसं तिला धरलं होतं. श्रीधररावांना परत आल्यावर आपल्या नखांतली माती निघेना, ब्रशनंसुद्धा.

संध्याकाळी अक्कानं मोगऱ्याचे गजरे आणवले. दूध आटायला छातीवर बांधतात, अक्काच्या आईनं, आजीनं हेच केलं होतं. रूपश्रीनं गजरे हातात घेतले, वास घेतला, आणि देवापुढे नेऊन ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला श्रीधरराव सवयीनं उठून स्वयंपाकघरात आले तर डबा भरलेला होता. दोन बाटल्या, भोवती बर्फ. “न्या, अण्णा,” ती म्हणाली. त्यांना वाटलं पोरीचं डोकं फिरलं. ते तिच्याशी हळू बोलले. ती शांतच होती. काल निघताना सिस्टरशी बोलून आले, तिनं सांगितलं, रक्ताची तपासणी होते, मग दूध तापवून जंतू मारून ठेवतात, ज्यांच्या आयांना येत नाही त्या पोरांना देतात. तेव्हा श्रीधररावांचा आवाज चढला. काय बोललो ते त्यांना शब्दान् शब्द आठवत होतं, आताही, रस्ता ओलांडताना, पोलिसाच्या शिट्टीमध्येही. “आपल्या लेकराच्या तोंडचं दूध गावभर वाटत फिरायचं? कालच तिला मातीत ठेवून आलोय. लाज वाटत नाही?” रूपश्रीनं त्यांच्याकडे बघितलं होतं. “तिच्या तोंडचं होतं म्हणूनच की,” ती म्हणाली, “दोन दोन मिली जायचं तिला नळीनं. शेजारच्या पेटीतल्याला तेवढंपण नव्हतं. मी बघत होते ना रोज.” ते हलले नाहीत. मग तिनं डबा उचलला, पोटावरचे टाके सांभाळत जिना उतरली, आणि रिक्षा बघायला गेली. चार दिवस ती अशी गेली. चार दिवस ते घराखालच्या दुकानात बसून समोरच्या रस्त्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते.

पाचव्या दिवशी लग्नाच्या भांड्यांवर नाव कोरत होते. हातात मशीन थरथरत होतं. नजर वर गेली. समोर रिक्षावाला तिच्याशी हुज्जत घालत होता आणि ती डबा शरीरापासून लांब धरून उभी होती. एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. पुन्हा पहिल्यात. मग विजेच्या खांबाला टेकली. श्रीधररावांनी मशीन बंद केलं, गिऱ्हाइकाचं नाव अर्धवट राहिलं, रस्ता ओलांडला आणि तिच्या हातातून डबा घेतला. “स्वल्प तिरका धरा,” ती म्हणाली, “नाहीतर बर्फ सांडतो.” एवढंच. त्यानंतर दोन महिने ते रोज गेले. लोखंडी बाकावर बसून रिकामा डबा परत मिळायची वाट बघत. दूध कसं तपासतात, कसं तापवतात, कोणत्या कपाटात गोठवतात, सगळं विचारून विचारून त्यांना पाठ झालं. हालु अज्जा. पण त्या सकाळचं बोलणं मागे घ्यायचं राहून गेलं. मागे घ्यायचं म्हणजे ते पुन्हा उच्चारावं लागलं असतं. वर्ष गेलं, मग शिवानी झाली, पूर्ण दिवसांची, खणखणीत, आणि घरात सगळं इतकं बरं चाललं होतं की त्यात हे कुठे काढायचं?

“काका, तुम्ही मराठी का?”

कब्बन पार्कात शिरताना शेजारी एक तरुण आला होता. सगळ्यांत तोच एक टी-शर्ट नसलेला, चुरगळलेल्या शर्टात, पायांत सपाता, दाढी वाढलेली. मघाशी रूपश्रीनं मागे वळून “अण्णा, पाणी?” असं विचारलं ते त्यानं ऐकलं असावं. “मराठीच,” श्रीधरराव म्हणाले. “पुण्याचे?” “नाही बा. इथलेच. साडेतीनशे वर्षं झाली.” तरुणानं त्यांच्याकडे असं बघितलं की ते म्हणाले, “म्हणजे मी नव्हे.” तो हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले, म्हणजे हसायलाही त्याला बरेच दिवस मिळालं नसावं. नाव यशोवर्धन. मारतहळ्ळीत राहतो, आयटीत आहे, दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आला. बाळ आत आहे. मुलगा. अकरा दिवस झाले, अकराशे ग्रॅम. “सकाळी आत सोडत नाहीत दहापर्यंत. सिस्टर म्हणाल्या, बसून काय करताय, यांच्यासोबत चालून या. म्हणून आलो. मला खरं तर माहीतपण नाही हा वॉक कशाचा आहे.” श्रीधररावांनी सांगितलं नाही. अशा माणसाला ते कसं सांगायचं? ते नुसते त्याच्या पावलाला पाऊल लावून चालत राहिले. गुडघा आता ठणकायला लागला होता, ठणका मांडीत चढत होता.

मोठ्या वर्षावृक्षांखाली ऊन अजून पोचलं नव्हतं. यशोवर्धन बोलत होता, माणूस अनोळखी म्हाताऱ्याशी बोलतो तसा, सगळं. सौम्याला, त्याच्या बायकोला, दूध येत नाही. ताण. ती रडते, मग अजून येत नाही. डॉक्टर म्हणतात पेढीतलं दूध सुरू करू, पावडर त्याच्या आतड्यांना झेपायची नाही. त्यानं खिशातून चार घड्यांचा कागद काढला. संमतीचा फॉर्म. कालपासून खिशात आहे. “सही माझी एकट्याची चालते. सौम्या म्हणते कर. पण आई... आई पुण्याला आहे, पाय मोडलाय तिचा, येता येत नाही म्हणून आधीच त्रास करून घेतेय. ती म्हणते कुणाचं दूध, कोण बाई, काय माहीत. आपल्या घरात असलं चालायचं नाही. माझ्या नातवाला परक्याचं दूध दिलंस तर मला तोंड दाखवू नको, असं म्हणाली काल.” मग जरा थांबून, “काका, कोणाचं असतं हो ते दूध?”

श्रीधररावांना पहिल्यांदा वाटलं की आपण हे वाक्य ऐकलेलंच आहे, तेच, फक्त पुण्याच्या उच्चारात. अंगातून एक कढ गेला. त्यांनी तपासण्यांबद्दल सांगायला सुरुवात केली, एचआयव्ही, कावीळ, किती अंशाला तापवतात, किती मिनिटं. यशोवर्धन मान हलवत होता, हे सगळं त्याला डॉक्टरांनी सांगितलं होतं, याचा त्याला उपयोग नव्हता. श्रीधरराव बोलता बोलता थांबले. पुढे पिवळ्या घोळक्यात निळा पट्टा दिसत होता. “त्या बाई दिसतात?” ते म्हणाले. “वेणीवाल्या. त्यांच्यासारख्यांचं असतं. माझी सून आहे ती.” बोलून झाल्यावर त्यांना कळलं की आपण छाती बाहेर काढून चाललो आहोत, टी-शर्ट ताणला गेला आहे. कढ तसाच होता, पण त्याच्या वर आता काहीतरी दुसरं उभं राहिलं होतं.

यशोवर्धनचा फोन वाजला. पडद्यावर ‘आई’. तो उचलायला घाबरला, मग उचलला. स्वयंपाकघर, ताणून बसवलेला प्लॅस्टरमधला पाय, चष्म्याआडचे सुजलेले डोळे. सही केलीस का, हा पहिलाच प्रश्न. तो “नाही गं अजून” म्हणाला, आणि एकाएकी फोन श्रीधररावांच्या हातात दिला. “आई, या काकांशी बोल. प्लीज.” श्रीधररावांनी फोन हातभर लांब धरला. त्यांना असल्या फोनवर बोलायची सवय नव्हती, स्वतःचं कपाळच दिसत होतं. “नमस्कार, बाई,” ते म्हणाले. त्या बाईंनी पदर सारखा केला. “नमस्कार. तुम्ही डॉक्टर का?” “नाही. भांड्यांचं दुकान आहे माझं.” “मग तुम्हीच सांगा, भाऊ,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. “तुमच्या घरात चाललं असतं का असलं?”

ते थांबले. मागची माणसं दोन्ही बाजूंनी पुढे जायला लागली. कोणीतरी बाजूला येऊन उभं राहिलं होतं. पाण्याची बाटली पुढे आलेली दिसली, बांगड्या दिसल्या. सुनेचा हात होता. नेमकी आत्ताच ती मागे आली होती. फोन यशोवर्धनला परत द्यावा, गुडघ्याचं निमित्त करावं, असं त्यांना एक क्षणभर अगदी स्वच्छ वाटलं.

“बाई,” ते म्हणाले, “आमची नात एकोणीस दिवसांची होऊन गेली. याच इस्पितळात. नयना नाव होतं. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या सुनेनं दूध काढून डबा भरला आणि मला म्हणाली, न्या. दुसऱ्यांच्या पोरांना द्या. आणि मी तिला, तुम्ही आता बोललात ना, त्याहून वाईट बोललो. लाज वाटत नाही का म्हणालो. टाक्यांचं पोट घेऊन ती पोर चार दिवस एकटी रिक्षानं गेली. मी दुकानात बसून बघत होतो.” त्यांना दम लागला. “मी चुकलो, बाई. सहा वर्षं झाली, तिला हे म्हणालो नव्हतो. चालायचं नाही म्हणणारा मी होतो. तिनं चालवलं. पुढे मीच नेत होतो रोज. ते दूध कोणाला गेलं, आम्हाला माहीत नाही, ते सांगतपण नाहीत. पण परकं नव्हतं हो ते. आमच्या नातीचं होतं.”

पलीकडे प्रेशर कुकरची शिट्टी झाली आणि ती बंद करायलाही कोणी उठलं नाही. मग त्या बाई म्हणाल्या, “तुमच्या सूनबाई आहेत का तिथे? द्या बरं त्यांना.”

रूपश्रीनं फोन घेतला. श्रीधररावांकडे तिनं बघितलं नाही, बाटली मात्र त्यांच्या हातात दिली, झाकण उघडून. ती बांबूच्या बेटाकडे चालत गेली, फोन कानाला लावून, चेहरा दाखवायची गरज दोघींनाही वाटली नसावी. तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं. एकदा “नाही हो, दुखतं की” एवढं आलं, आणि नंतर “अकराशे म्हणजे चांगलं वजन आहे, आमची नऊशेची होती.” ती हे कोणाला तरी सांगत होती, मोठ्यानं, उजेडात, एखादीनं आपल्या मुलीचे गुण सांगावेत तसं. मध्ये ती हसलीसुद्धा. श्रीधरराव पाणी प्यायले. बरं वाटत होतं, ताप उतरल्यावर अंग हलकं होतं तसं. शेजारून जाणाऱ्या सुलभा सिस्टरनी हात केला, त्यांनीही केला, पूर्ण उंच.

पाचसात मिनिटांनी रूपश्री परत आली. तिनं फोन यशोवर्धनला दिला. त्यानं कानाला लावला, “हो आई,” म्हणाला, “हो,” म्हणाला, आणि मग नुसती मान हलवत राहिला, जणू त्यांना ते दिसणार होतं. फोन ठेवून त्यानं कागदाच्या घड्या उलगडल्या. पेन होतं. टेकायला काही नव्हतं. बाक लांब होतं, झाडाचं खोड खरबरीत. त्यानं इकडेतिकडे बघितलं.

“इकडे,” श्रीधरराव म्हणाले, आणि त्याच्याकडे पाठ करून, दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. पाठीवर कागद आला. त्याच्या तळव्याचा भार आला, गरम, जरा ओला. मग पेनाचं टोक कापडावरून, सदऱ्यावरून, मणक्याशेजारून हळूहळू गेलं, एकदा अडखळलं, पुन्हा निघालं. पुढच्या जमिनीवर त्यांना मुंग्यांची रांग दिसत होती, आणि बाजूला रूपश्रीचे धुळीनं भरलेले बूट.

“झालं, काका,” यशोवर्धन म्हणाला. “थँक्यू.”

कागद उचलला गेला. श्रीधरराव तसेच वाकलेले राहिले.

“गुडघा धरला का, अण्णा?” रूपश्रीनं विचारलं. तिचा हात त्यांच्या दंडाखाली आला होता. “गाडी बोलावू? सिस्टरांची आहे मागे.”

“नको गं,” ते म्हणाले. “चालतच जाऊ. स्वल्प थांब. पाठीवरची सही वाळू दे.”